पंधरा तारीख, चौदाच्या संध्याकाळी

रात्रभर पाऊस पडता पडताच गोठत गेला होता, आणि सकाळी कॅन्ससच्या त्या सपाट मुलखात वारा असा माजला होता की उभ्या माणसाला ढकलून द्यावं. ट्वायला श्राग अंगणात पिकअपच्या काचेवरचा बर्फ खरवडत होती. आत विमानकंपनीचा पांढरा शर्ट, वरून नवऱ्याचं शेणामातीचं जाकीट. दुपारी कॅन्सस सिटीहून डेन्व्हर आणि रात्री परत. शेजारी परीक्षक बसणार होता. ही शेवटची फेरी निभावली की कॅप्टनची डावी खुर्ची तिची. अकरा वर्षं तिनं सहवैमानिकाच्या उजव्या खुर्चीत काढली होती.

खिशात फोन थरथरला. हवाई दलाच्या राखीव तुकडीतला सार्जंट ओडेल प्रुइट. कंपनीची नोकरी सांभाळून तिथं ती मेजर होती. आकाशात दुसऱ्या विमानांना तेल पाजणारं अवाढव्य धूड चालवायची.

"मॅडम, चारला तळावर पोचताय ना?"

"उद्या ना रे? ग्वाम बेटावर पंधराला निघायचंय."

पलीकडून ओडेल म्हणाला, "पंधराला शून्य तीस, मॅडम. झुलू."

तिनं खरवडणं थांबवलं. झुलू म्हणजे लंडनकडची वेळ. हवाई दलाचं सगळं तिच्यावर चालतं. तिकडे पंधरा लागून अर्धा तास होतो, तेव्हा कॅन्ससमध्ये चौदाची संध्याकाळ, साडेसहा. आणि चौदा आजच होती.

ती बुटांसकट स्वयंपाकघरात घुसली. फ्रिजवर कॅलेंडर. लाल शाईत कंपनी, हिरव्या शाईत हवाई दल. कंपनीचे कागद इथल्याच वेळेत येतात. तिनं एकाच बैठकीत दोन्ही उतरवले होते, जणू दोघांचं घड्याळ एकच.

नवरा, व्हर्लिन, अंडी परतत होता. ऐकून म्हणाला, "वीस वर्षं विमानं उडवतेस आणि तुला तारीख कळेना?"

"गप बस, व्हर्लिन."

"बसतो. तू बस आधी. फरशी झिजवशील."

ती बसली नाही. फेऱ्या घालतच तिनं गेलन उन्रूला फोन लावला. तुकडीतला तेवढा एकच वैमानिक मोकळा होता. त्याचं बाळ दहा दिवसांचं.

"जातो की मी," गेलन लगेच म्हणाला. "दोनच आठवडे. तू तुझी खुर्ची घे, बाई."

मागून त्याच्या बायकोचा आवाज आला, "विचार तिला, रात्री पोराला कोण उचलणार? माझे टाके अजून ओले आहेत!"

गेलननं फोनवर हात दाबला, पण ऐकायचं ते ऐकून झालं होतं. ट्वायलाची लेक कोरा दीड महिन्याची असताना ती वाळवंटातल्या तळावर गेली होती. परतली तेव्हा पोर तिला बघून किंचाळली, आणि आजीच्या खांद्यात तोंड खुपसलं.

"राहू दे, गेलन. बायकोला सांग, मीच जातेय."

मग तिनं कंपनीला फोन केला. "पुन्हा हवाई दल?" वेळापत्रकवाली बाई म्हणाली. "कायद्यानं मला नाही म्हणता येत नाही. पण सहा तास आधी सांगताय!"

"चूक माझीच आहे."

"परीक्षक आता जूनशिवाय मिळायचा नाही."

"चालेल," ट्वायला म्हणाली, आणि चालण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

व्हर्लिननं अंडी तिच्यापुढे ठेवली. "जूनमध्ये गव्हाची कापणी."

"ठाऊक आहे."

"म्हणजे मशीनवर यंदाही मी एकटाच."

"मग काय, तुझ्या शेजारी पण परीक्षक बसवू?"

तो नाकातल्या नाकात हसला. तिनं दोन घास कसेबसे गिळले. मग पांढऱ्या शर्टाची बटणं काढली. साडेआठच वाजले होते; चारपर्यंतचा वेळ अंगावर येत होता. ती मागच्या खोलीत गेली, ड्रायरचं दार उघडलं, गरम मोज्यांचा ढीग टोपलीत ओढला आणि उभ्यानंच जोड्या लावायला लागली.