राजा मरेना

नातीला गॅदरिंगसाठी मिशी चिकटवताना स्पिरिट गमचा वास आला आणि कर्जतजवळच्या आमच्या गावातलं जत्रेचं नाटक आठवलं. दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. नुकताच निवडून आलेला सरपंच मत्सरी प्रधान झाला होता आणि त्यानं हरवलेला उमेदवार राजा. मी विंगेत वही घेऊन प्रॉम्प्टिंगला. गॅसबत्ती फुरफुरत होती. शेवटच्या अंकात प्रधानानं लाकडी कट्यार खुपसली, पण राजा ताठ उभाच. “मरा की आता,” मी कुजबुजलो. “ह्याच्या हातनं न्हाई मरायचो,” तो माझ्याकडं न बघता म्हणाला. प्रधानानं पुन्हा खुपसली, तिसऱ्यांदाही खुपसली. समोर दोन्ही बाजूंची माणसं उठून बाह्या सारायला लागली. सरपंचाचा रंग घामानं ओघळत होता. “दादा, मरा, लोकं उठल्यात,” तो हळूच म्हणाला. शेवटी राजानं त्याच्या हातातली कट्यार हिसकली, स्वतःच्याच पोटात खुपसली आणि सावकाश आडवा झाला. टाळ्या पडल्या. पडद्याची दोरी तेवढा सगळा वेळ माझ्या हातात होती. पहिल्याच वाराला ओढली असती तर तिथंच मिटलं असतं, हे मला आजही स्वस्थ बसू देत नाही. पण राजाचं काम मीही मागितलं होतं.