आधी कोंबडी बघा

"आधी कोंबडी बघा, मग अंडी न्या."

केडगावात आमच्या गल्लीच्या टोकाला अंडी घ्यायला गेलेल्या प्रत्येकाला हे ऐकावं लागायचं. म्हणणाऱ्या बाई निवृत्त नर्स होत्या. त्यांना नाव होतं, पण ते कुणी वापरत नसे. सगळे त्यांना सिस्टर म्हणायचे. फाटकाशी गिऱ्हाईक आलं की त्या नाडी बघितल्यासारखं त्याचं मनगट धरत आणि घराला वळसा घालून मागच्या पडीक प्लॉटवर नेत. तिथे बाभळीखाली, गाजरगवतात, नाल्याच्या काठाने कोंबड्या उकरत फिरत असायच्या.

"ही बघा. माती उकरती, किडं खाती, उन्हात लोळती. हिचं अंडं. पायजे का?"

गिऱ्हाईक घाईत आहे असं दिसलं, की त्या त्याला खुराडंही दाखवायच्या.

माझी त्यांची ओळख शेअर रिक्षात झाली. माहेर मिरजगावचं, लग्न होऊन मी केडगावला आले होते. नवरा सुप्याच्या एमआयडीसीत नोकरीला. मुलगी दोन वर्षांची होती आणि अंगाने अगदी काडी. डॉक्टर म्हणाले, रोज एक अंडं द्या. मी नगरमधल्या मोठ्या दुकानातून अंड्यांचं खोकं घेतलं. त्यावर हिरवंगार कुरण, कौलारू घर आणि चरणाऱ्या कोंबड्या छापलेल्या होत्या. वर ठळक अक्षरांत 'अस्सल गावरान'. परतताना रिक्षात शेजारी बसलेल्या या बाईंनी ते खोकं न विचारता आपल्या मांडीवर घेतलं आणि उघडलं.

"कुणासाठी?"

"मुलीसाठी."

"बघ, सगळी एका रंगाची, एका मापाची. गणवेशातली पोरं बसल्यासारखी." त्यांनी एक अंडं उचलून मला दाखवलं. "ही पिंजऱ्यातली हायेत, पोरी. खायला वाईट न्हाईत. खुशाल घाल लेकराला. पण तू गावरान म्हणून घेतलीस आन् तुला दुसरंच दिलं."

"तपकिरी आहेत की."

"तपकिरी रंग कोंबडीच्या जातीमुळं येतो. ती रानात फिरली का पिंजऱ्यात बसली, हे रंगावरनं कसं कळंल?"

मग त्यांनी खोक्यावरचा बारीक अक्षरातला पत्ता वाचायला लावला. तो आमच्याच मागच्या माळावरच्या पोल्ट्रीचा निघाला. त्या पोल्ट्रीचा वास वारा फिरला की आमच्या घरात यायचा. तिथे कुरण नव्हतं, कौलारू घरही नव्हतं. सिस्टर एकदा चालत तिथे जाऊन आल्या होत्या. सवयीने पांढरी साडी नेसलेल्या, त्यामुळे वॉचमनला वाटलं सरकारी बाई तपासणीला आल्यात. त्याने आत सोडलं. "लांबच लांब शेड," त्या सांगत होत्या, "आन् तारेच्या पिंजऱ्यात कोंबड्या. पंख उघडायला जागा न्हाई. एकीनं माझ्याकडं बघितलं. मी लगीच भायेर आले."

दुसऱ्या दिवसापासून आमची अंडी सिस्टरकडून येऊ लागली. लहान, मळकट पांढरी, कुठलंही दुसऱ्यासारखं नाही. आणि रोज मिळतील याची खात्री नाही. "आज न्हाई. खुडूक बसलीय ती," असं म्हणून त्या सरळ परत पाठवायच्या. अशा दिवशी मुलीला दुकानातलं साधं पांढरं अंडं द्यायला त्यांची हरकत नसे. हरकत फक्त खोट्या नावाला होती.

त्यांच्या कोंबड्यांची नावं तुम्ही ऐकायला हवी होती. नोकरीत जिथे जिथे राहिल्या, त्या गावांची नावं त्यांनी कोंबड्यांना ठेवली होती. संध्याकाळी फाटकातून हाका ऐकू यायच्या. "वाळकी, चल आत. सुपा कुठं उलथली?" नवीन भाडेकरूंना वाटायचं म्हातारीला भ्रम झालाय. एक तांबडी कोंबडी होती, कुणालाही हात लावू देत नसे, टोचा मारायची. तिचं नाव मिरजगाव.

"माझं माहेर आहे ते, सिस्टर," मी एकदा म्हटलं.

"ठाव हाय. म्हणून तर. तिथं लस टोचायला गेले की बाया दार लावून घ्यायच्या आन् खिडकीतनं भांडायच्या." मग म्हणाल्या, "पण जीव लावला की लई लावायच्या."

लग्न त्यांनी केलं नव्हतं. पुण्याला एक भाची होती, ती दिवाळीला फोन करायची. बाहेरच्या खोलीत छोटी बुद्धमूर्ती, एक पलंग आणि खिडकीत एखादी कोंबडी, एवढाच संसार. एकदा एक माणूस वडिलांना लकवा झाला म्हणून गावरान अंडी मागत आला. सिस्टरने त्याला कोंबड्या दाखवल्याच नाहीत. "अंड्यानं लकवा जात न्हाई. आधी दवाखान्यात न्या त्यांना. औषध न्हाई हे, अंडं हाय."

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात ती कुरणवाली खोकी यायला लागली, तेव्हा त्या रोज तिथे जाऊन उभ्या राहायच्या.

"शेठ, तेवढं गावरान म्हणून ओरडू नका."

"सिस्टर, गिऱ्हाईकच तसं म्हणतं. मी कशाला नाही म्हणू?"

"म्हणत असंल. तुमी तर जाणता ना?"

शेठ हसून विषय बदलायचा. त्या मीठ नाहीतर काडेपेटी घेऊन परत यायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मग माळावरच्या त्या पोल्ट्रीत कोंबड्या पटापटा मरायला लागल्या. आधी कुजबुज झाली, मग रिक्षावर भोंगा लावून सांगितलं गेलं. बर्ड फ्लू. शेडच्या भोवतालच्या टापूत जेवढ्या कोंबड्या असतील, तेवढ्या सगळ्या नष्ट करायच्या. पाळलेल्या, मोकळ्या, आजारी, धडधाकट, सगळ्या. आमची गल्ली त्या टापूत येत होती.

मी धावत सिस्टरकडे गेले. "रात्रीतून मिरजगावला पाठवू. माझा भाऊ टेम्पो घेऊन येईल. तुमच्या कोंबड्यांना काहीच झालेलं नाही."

त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आन् तिथल्या कोंबड्यास्नी लागला रोग तर?"

"पण या आजारी नाहीत."

"आज न्हाईत." मग त्यांनी सूप खाली ठेवलं. "जलमभर दारोदार हेच सांगत फिरले, पोरी. साथ आली का लपवू नका. लोकांनी माझ्यावर इस्वास ठेवून आपली लेकरं पुढं केली. आता माझ्यावर आली, तर मी लपवू व्हय?"

मी भावाला फोन केला नाही.

सरकारी पथक सकाळी आलं. पांढरे बंद पोशाख, डोळ्यांवर मोठे चष्मे, हातात जाळ्या. ते पाहून कोंबड्या सैरावैरा पळाल्या, बाभळीत घुसल्या, एक नाल्यात पडली. माणसं मागे धावू लागली. तेव्हा सिस्टर पुढे आल्या.

"थांबा. अशा पळवू नका त्यास्नी. मी बोलावते."

त्यांनी मास्क लावला, हातमोजे घातले. आयुष्यभराची सवय, हात सफाईने चालले. मग त्या प्लॉटच्या मधोमध उकिडव्या बसल्या आणि रोजच्यासारखी हाक घातली. "ती, ती, ती."

कोंबड्या आल्या. गवतातून, बाभळीखालून, एकामागून एक, मान पुढे काढून पळत आल्या. सिस्टर एकेकीला उचलायच्या, पंख नीट मिटवायच्या, पाठीवरून हात फिरवायच्या आणि पथकाच्या हातात द्यायच्या. देताना नाव सांगायच्या, जसं काही पाहुणीची ओळख करून देताहेत. "ही वाळकी. ही सुपा." पथकात एक तरुण डॉक्टरीण होती. तिचे डोळे चष्म्यामागे दिसत नव्हते, पण लवकर करा, असं ती एकदाही म्हणाली नाही.

शेवटी मिरजगाव राहिली. ती आली, सिस्टरच्या गुडघ्याशी उभी राहिली आणि त्यांनी उचललं तरी तिने टोचा मारला नाही. सिस्टरने तिला बराच वेळ छातीशी धरलं. मी तोंड फिरवलं.

पुढे साथ ओसरली. नवी पिल्लं आणायला परवानगी मिळाली. मी, शेजारच्या काकू, सगळ्यांनी त्यांना आग्रह केला. माझी मुलगी तोवर शाळेत जायला लागली होती. ती म्हणाली, "आजी, मी पिल्लांना नावं ठेवते." सिस्टरने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिला बाहेर खेळायला पाठवलं. मग मला म्हणाल्या, "नको, पोरी. माझ्या हाकेला आल्या त्या. जाळीनं धरल्या असत्या तर एखादी तरी निसटली असती. हाकेला आल्या, म्हणून मेल्या."

"तुम्ही त्यांना त्रास होऊ दिला नाही, सिस्टर."

"ते मला कळतंय," त्या म्हणाल्या. "पण रोज सांजच्याला तोंडात हाक येती. ती गिळून टाकावी लागती."

माळावरची शेड पुन्हा भरली. किराणा दुकानात खोकीही आली, तेच कुरण, तेच घर. एका सकाळी मी तिथे साखर घेत होते, तेव्हा सिस्टर आल्या. खूप वाळल्या होत्या. शेजारच्या गल्लीत एक ओली बाळंतीण होती, तिच्यासाठी अंडी न्यायची होती.

"अंडी द्या," त्या म्हणाल्या.

शेठने खोक्याकडे हात नेला आणि थांबला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्याने स्वतःहून सांगितलं, "सिस्टर, ही गावरान नाहीत."

"असू द्या," त्या म्हणाल्या. "कुठलीबी द्या."

त्या पिशवी घेऊन गेल्यावर शेठ बराच वेळ माझी साखर तोलायची विसरला.

त्या थंडीत सिस्टर गेल्या. झोपेतच गेल्या. भाची पुण्याहून आली, तिने सगळं नीट केलं. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला कुठल्या कुठल्या गावांतून बाया आल्या, म्हाताऱ्या, मध्यमवयीन, कडेवर नातवंडं घेऊन. ज्यांना जागा मिळाली नाही त्या मागच्या प्लॉटवर उन्हात बसल्या.

सगळे पांगल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई फाटकाशी आली. वाळकीची होती. हातात कापडी पिशवी, पिशवीतून एका तलंगेची, कोवळ्या कोंबडीची, मान बाहेर.

"सिस्टर हायेत का? माझी तिन्ही बाळंतपनं त्यांनीच केली. त्यांच्या कोंबड्या गेल्या म्हनून परवा कुनीतरी बोललं. म्हनलं, घरची एक द्यावी."

मी सांगितलं. ती पायरीवर बसली. मी पाणी आणलं, ते तिने हातातच धरून ठेवलं. कोंबडी ठेवून जा, असं म्हणायला माझी जीभ उचलेना, कारण ठेवून घेणारं तिथे कुणी नव्हतं. दाराला भाचीने कुलूप लावलं होतं.

"मंग हिला नेते माघारी," ती शेवटी म्हणाली.

मी तिच्याबरोबर एसटीपर्यंत चालत गेले. पुणे रोडवर ट्रक, कंपन्यांच्या बस जोरात जात होत्या. तिने पिशवी पोटाशी धरली होती आणि आतली कोंबडी मधूनमधून गळ्यातल्या गळ्यात बारीक आवाज करत होती.