कवळीकाकांची स्कूटर

दंतवैद्याच्या दवाखान्यामागे एक अरुंद खोली होती. टेबलावर प्लॅस्टरच्या जबड्यांची रांग, आणि रांगेमागे डोळ्याला भिंग लावून बसलेले एक गृहस्थ. सव्वीस वर्षं ते तिथे कवळ्या बनवत होते, म्हणून सगळे त्यांना कवळीकाका म्हणत. सव्वीस वर्षं ते नऊ नंबरच्या बसने येत आणि त्याच बसने घरी जात. गाडी घ्यावी असं त्यांच्या मनात कधी आलं नाही. "बसमध्ये लोक तोंड उघडं टाकून झोपतात," ते बायकोला सांगत, "माझा फुकटात अभ्यास होतो."

मग पालिकेने शहराची हवा सुधारायचं मनावर घेतलं. योजना निघाली: जुनी गाडी भंगारात द्या आणि बसचा आयुष्यभराचा पास घ्या. काकांना वाटलं, ही तर आपल्यासाठीच काढलीय. अर्धा दिवस रजा टाकून ते वाहतूक कक्षात गेले.

खिडकीवरच्या बाईंनी अर्ज पाहिला. "गाडीचा नंबर लिहिला नाहीत."

"गाडीच नाही."

"मग सोडणार काय?"

"मी कधी धरलीच नाही. सव्वीस वर्षं बसनेच जातोय."

बाईंनी कॉम्प्युटर त्यांच्याकडे वळवला. "हे बघा, तुमचा वाचलेला धूर शून्य येतो. शून्याला पास निघत नाही. नियम काही मी केलेले नाहीत."

घरी बायको म्हणाली, "माझ्या भावाची स्कूटर जिन्याखाली पडूनच आहे. घ्या नावावर आणि द्या भंगारात." मेहुण्याने आनंदाने दिली. कागदपत्रं घेऊन काका पुन्हा खिडकीवर गेले.

"नुसती नावावर असून भागत नाही," बाई म्हणाल्या. "लोक फसवतात हो. सहा महिने चालवलेली पाहिजे. निदान पंधराशे किलोमीटर, मीटरच्या फोटोसकट."

तेव्हा वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी कवळीकाका स्कूटर शिकले. मेहुणा मागून धावत ओरडायचा, "भाऊजी, डोळे उघडा." लायसन्स हातात पडलं तरी धास्ती गेली नाही. दवाखान्यात पोचल्यावरही डोळ्यांपुढे रस्ताच असायचा; त्या नादात एका आजोबांचा सुळा वाकडा बसला आणि कवळी परत आली.

स्कूटर चुलीसारखा धूर ओकायची. मेकॅनिक म्हणाला, "इंजिनातल्या रिंगा गेल्यात. बदलून देतो, धूर बंद होईल." काकांनी खबरदारी म्हणून कक्षात फोन लावला.

"मुळीच बदलू नका," बाई म्हणाल्या. "गाडीचा धूर जितका जास्त, तितका ती भंगारात दिल्यावर वाचलेला धूर जास्त."

काकांनी निरोप सांगितल्यावर मेकॅनिकने काढलेला पाना परत पेटीत टाकला. गाडी दुरुस्त करू नकोस म्हणणारं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटलं होतं.

घर ते दवाखाना जेमतेम चार किलोमीटर. पाचव्या महिन्यात लक्षात आलं की जाऊन-येऊन तीनशे किलोमीटर कमी पडणार. मग रोज संध्याकाळी बायकोला मागे बसवून काका तळ्याभोवती फेऱ्या मारू लागले. पालिकेने तिथे नवी रोपं लावली होती. फिरायला आलेले लोक नाकाला रुमाल लावून बाजूला होत. एकाने विचारलं, "काका, उगाच पेट्रोल कशाला जाळताय?"

"हवा सुधारायला," काका म्हणाले, आणि पुढच्या फेरीला निघाले.

बायकोला मात्र त्या फेऱ्या आवडू लागल्या. लग्नानंतर नवऱ्याने तिला इतकं कधीच फिरवलं नव्हतं. शेवटी पंधराशे किलोमीटर भरले, आणि भंगाराच्या यंत्राने स्कूटर चेपली तेव्हा तिने तोंड फिरवलं. काकांनी भंगाराच्या कागदावर सही केली.

पास वाटायला समारंभ झाला. पालिकेचे साहेब बोलत असताना बाहेर त्यांची गाडी चालूच होती, आत गार राहावी म्हणून. साहेबांनी माइक काकांपुढे धरला. "योजनेमुळे तुमच्यात काय बदल झाला?"

काकांनी खरं ते सांगितलं. "पूर्वी मी बसने जायचो. योजना आल्यावर स्कूटर घेतली. आता पुन्हा बसने जाणार."

टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांनी सर्वांत जास्त वाजवल्या. अहवालात 'सवय बदललेला नागरिक' म्हणून काकांचा फोटो छापून आला.

सोमवारी नऊ नंबरच्या बसमध्ये त्यांनी पास दाखवला. कंडक्टरने तो उलटसुलट पाहिला आणि शेजारी टेकून आवाज खाली आणला. "काका, कुणाकडे जुनी स्कूटर असली तर सांगा ना. चांगली धूर मारणारी. माझे वडील आयुष्यभर पायी चालले, त्यांना पास काढायचाय."

काकांनी खिशातून एक कागद काढला. त्यावर आधीच चार नावं होती. त्यांनी कंडक्टरच्या वडिलांचं पाचवं लिहिलं.