सगळ्यांच्या पिशव्या तपासणारे शिवय्या हिरेमठ

शिवय्या हिरेमठ आमच्या वाचनालयाचे ग्रंथपाल होते. आज कोणी त्यांचं तोंडभरून कौतुक करायला लागलं, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. ते खुर्चीवर होते तोवर त्यांच्याबद्दल बरं बोलणारा एकही माणूस मला भेटला नाही. मीही बोलत नव्हते.

वाचनालय मंगळवार पेठेत, तालमीला लागून. आत शिरलं की काउंटर, काउंटरमागे जाळी आणि जाळीमागे कपाटं. वाचकानं कपाटाजवळ जायचं नाही. पुस्तकाचं नाव सांगायचं, शिवय्या आत जाऊन ते आणणार, तेही तुमच्याकडे दोनदा वळून बघून. पिशवी आत येताना उघडायची, बाहेर जाताना उघडायची. पावसाळ्यात छत्रीसुद्धा उघडून दाखवायची. परत आलेलं पुस्तक ते उलटं धरून झटकत, नाकाशी नेत, आणि म्हणत, "ह्याच्यावर आमटी सांडलीया." आणि ती सांडलेली असायची. सगळे त्यांना स्वामी म्हणत, कारण ते जंगम, लिंगायतांच्या पुरोहित घराण्यातले. पण त्या म्हणण्यात भक्ती किती आणि वैताग किती, ते ऐकणाऱ्याला लगेच कळे.

जन्म गडहिंग्लजच्या पलीकडचा, सीमेवरच्या खेड्यातला. घरात कानडी, बाजारात मराठी. तरुणपणी कोल्हापुरात एका कापडाच्या दुकानात लागले. तिथं रोज संध्याकाळी नोकरांचे खिसे तपासत. मालकाच्या पुतण्याचे तेवढे तपासत नसत. एक दिवस तलम साड्यांचा गठ्ठा गेला. नेला पुतण्यानं, आणि नोकरी गेली शिवय्यांची. पुढे वाचनालयात शिपाई झाले, रात्रीचा अभ्यास करून ग्रंथपालनाची परीक्षा दिली आणि काउंटरवर बसले. त्या गठ्ठ्याची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही तक्रार म्हणून नव्हे. "बाई, तपासायचं तर सगळ्यांचं. न्हायतर कुणाचंच नगं," एवढंच म्हणाले.

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि वाचनालयाच्या संचालक मंडळावर आले. मंडळात मी एकटीच बाई. बैठकीत माझ्यासमोर चिवड्याची बशी आधी यायची आणि माझं मत शेवटी विचारलं जायचं. २००१ साली ग्रंथालयशास्त्राच्या वर्गाचं पत्र आलं. विद्यार्थी उन्हाळ्यात इंटर्नशिपला पाठवू का, म्हणून. मी ते काम अंगावर घेतलं. असल्या इंटर्नशिपा मी पाहिल्या होत्या. पोरं येतात, फडक्यानं धूळ पुसतात, साहेबांचा चहा आणतात आणि शिक्का मारून घेऊन जातात. मी कागदावर लिहून काढलं: चहा आणायचा नाही. पहिला आठवडा काउंटरवर बसून फक्त वाचक बघायचे. मग प्रत्येकाला असं एकेक काम द्यायचं, जे तो गेल्यावरही वाचनालयात राहील. शनिवारी सगळ्यांनी मिळून बसायचं आणि कुठं अडलं ते तोंडावर सांगायचं.

अध्यक्ष हंबीरराव एका दमात "हो" म्हणाले. हा माणूस पंखा दुरुस्त करायलाही तीन बैठका घेतो. मला तिथंच संशय आला.

शिवय्यांना वेगळाच संशय. "पोरं कशाला आणताय बाई? मला काढायचं ठरलंय व्हय?"

"तुम्हाला काढायचं असतं तर सरळ सांगितलं असतं. मला आडून बोलता येत नाही."

"ते खरं हाय," ते म्हणाले. पण चेहऱ्यावरून त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.

दोन विद्यार्थी आले. रुद्रेश गडहिंग्लजचा, कॉम्प्युटरवर हात बसलेला. प्रीती कांबळे उचगावची, वडील फाउंड्रीत कामाला. प्रीतीला वारणेच्या बाजूच्या एका शाळेत ग्रंथपालाची जागा जवळजवळ ठरली होती. फक्त अभ्यासक्रम पुरा व्हायला हवा, आणि तो इंटर्नशिपच्या प्रमाणपत्राशिवाय होत नव्हता. हे तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. मला आवडलं. निदान का आलीय ते तरी कळलं.

शिवय्या दोघांच्या पिशव्या रोज तपासत. प्रीतीचा डबाही उघडून बघत. पहिल्या शनिवारी ती माझ्यासमोरच त्यांना म्हणाली, "सर, डब्यात पुस्तक मावतं का?"

"पान मावतंय की. फाडलेलं."

"मग भाकरीखालीबी बघा."

"बघतो," म्हणाले, आणि सोमवारी खरंच भाकरी उचलून बघितली. ती संतापली. आठवडाभरानं तिनंच डबा उघडून काउंटरवर ठेवायला सुरुवात केली, "घ्या, आज वांगं हाय," असं म्हणत. ते तिला कानडीत "तंगी" म्हणायला लागले. धाकटी बहीण. तपासणं मात्र चालूच.

रुद्रेशनं पुस्तकांची यादी कॉम्प्युटरवर चढवायला घेतली आणि प्रीतीनं पडताळणी. म्हणजे कपाटातलं एकेक पुस्तक हातात घेऊन ते खरंच आहे की नुसतं नावाला आहे, ते पाहायचं. हे काम आमच्याकडे वर्षानुवर्षं झालंच नव्हतं. शिवय्या शेजारी उभे राहून कानडीत मोजत, "ओंदु, येरडु, मूरु..." म्हणजे पोरीला कळू नये. पण रुद्रेशला कानडी येत असल्यामुळे तो लांबून त्यांची चूक दुरुस्त करायचा, आणि स्वामी जाळीतून त्याच्याकडे असे बघायचे की त्यानंच पुस्तकं पळवलीत.

आणि पुस्तकं गेलेलीच होती. किरकोळ नव्हे, भारी भारी. जुन्या कोल्हापूरच्या छायाचित्रांचा जाडजूड ग्रंथ, ज्ञानकोशाचे खंड, पक्ष्यांची रंगीत पुस्तकं. कुणाच्या नावावर दिल्याची नोंद नाही आणि कपाटातही नाहीत. प्रीतीनं ते मला सांगितलं, मी मंडळाला सांगितलं.

बैठकीत हंबीरराव खुर्चीत मागे टेकले. "मॅडम, पोरं आणायचं तुमीच बोललासा. आता बघा. बाहेरची माणसं आत घेतली की असंच हुतंय."

"पुस्तकं गेल्याचं तिनंच तर शोधून काढलं."

"तेच म्हणतोय की. जिनं सांगितलं, तिलाच ठावं. आणि ती उचगावची कांबळ्यांची पोरगी..." एवढं बोलून थांबले. पुढचं बोलायची त्यांना गरज वाटली नाही. बाकीच्या संचालकांनी चिवड्यात लक्ष घातलं.

मी म्हटलं, "वाक्य पुरं करा."

"काय पुरं करायचं त्यात? प्रमाणपत्र थांबवा. बापाला बोलवून घ्या. पुस्तकं परत आली तर बघू."

तेव्हा मला त्यांच्या त्या झटपट "हो"चा अर्थ लागला, असं आजही वाटतं. त्यांना तपासणीही फुकटात हवी होती आणि खापर फोडायला एक डोकंही हवं होतं. पुरावा माझ्याकडे नाही. संशय मात्र पक्का आहे, आणि तो मी सोडणार नाही.

शिवय्यांना आत बोलावलं. त्यांनी मान डोलवली की विषय संपणार होता. मंडळाच्या मेहेरबानीवर नोकरी असलेला माणूस, दुसरं काय करणार? मला त्यांचा काडीचा भरवसा नव्हता.

"स्वामी," हंबीरराव म्हणाले, "त्या पोरीचा संशय तुमालाबी हुता की न्हाय? रोज पिशवी तपासत हुतासा म्हणं."

"व्हय. संशय हाय. रोज तपासतो. येताना, जाताना. डबा बी उघडतो."

"बघा!" हंबीररावांनी सगळ्यांकडे पाहिलं.

"काय न्हाय निघालं," शिवय्या म्हणाले. "रुद्रेशचं तपासलं, काय न्हाय निघालं. बाईंची पर्स तपासली, त्यात गोळ्या निघाल्या. माझी पिशवी त्या पोरीला तपासायला लावतो, तिला इचारा. ज्यांची तपासली न्हाय, अशी माणसं ह्या टेबलाभवती बसल्यात."

कोणीतरी चिवडा चावायचं थांबवलं.

आता मंडळाची रीत सांगायला हवी. संचालकानं पुस्तक घरी नेलं तर त्याची नोंद करायची नाही, पिशवी बघायची नाही. मालकाला कसली पावती, असा तो भाव. ही रीत कुणी लिहिलेली नव्हती आणि कुणी मोडलेलीही नव्हती. मी मंडळावर आल्यावर पहिल्याच आठवड्यात पर्स उघडून काउंटरवर ठेवली, तेव्हा बाकीच्यांना तो बाईचा नखरा वाटला होता.

"स्वामी, तुमी कुणावर बोलायलायसा, समजतंय काय?" हंबीररावांचा आवाज चढला.

"कुणावरच न्हाय. मला सगळ्यांचाच संशय हाय. पडताळणी अर्धी झालीया. राहिलेली संचालकांच्या घरी करायची. पोरं संगट येतील, त्यांचं कामच हाय ते. न्हाय म्हणणार असाल तर न्हाय म्हणलं असं लिहून ठेवू."

मी लगेच म्हटलं, "माझ्या घरापासून सुरुवात करा." मी बोलल्यावर बाकीच्यांना नाही म्हणणं जड गेलं. हंबीरराव पायजम्याची घडी नीट करत बसले आणि काहीच बोलले नाहीत. मंडळात त्यालाच मंजुरी म्हणतात.

दुसऱ्या दिवशी शिवय्या आणि दोन्ही पोरं माझ्या घरी आले. शिवय्यांनी कपाट पाहिलं, माळा पाहिला, गादीखाली हात घातला.

"स्वामी, चहा घेणार का?" मी विचारलं.

"आधी देवघर बघू दे."

काहीच निघालं नाही. त्यांचा चेहरा अगदी उतरला. प्रीती तोंडावर ओढणी धरून हसत होती. एका संचालकाकडे पक्ष्यांची पुस्तकं निघाली. नातवानं त्यांतली चित्रं कापून वहीत चिकटवली होती. दुसऱ्यानं ज्ञानकोशाचे खंड टीव्हीखाली रचले होते, उंची बरोबर यावी म्हणून. दोघांनीही "अरे, हे राहिलंच होतं की," म्हणून दिले.

हंबीररावांचा बंगला ताराबाई पार्कात. मी मुद्दाम बरोबर गेले. दिवाणखान्यात काचेचं शोकेस, त्यात कुस्तीची गदा, ढाली, आणि मधोमध तो छायाचित्रांचा ग्रंथ. जिल्ह्यात एवढा मोठा दुसरा नसावा.

"ते माझं स्वतःचं हाय," हंबीरराव दारातूनच म्हणाले. "पुण्यातनं आणलंय."

पहिलं पान फाडलेलं. शिक्का जिथं असायचा तिथं काहीच नाही. हंबीरराव आत येऊन सोफ्यात मागे टेकले.

शिवय्यांनी ग्रंथ स्वतः उघडला नाही. प्रीतीपुढे धरला. "तंगी, गुप्त पान काढ."

प्रत्येक वाचनालयाचं एक ठरलेलं पान असतं. पुस्तक कोणतंही असो, त्या पानाच्या घडीजवळ आत एक बारीक शिक्का मारायचा आणि ते पान कोणतं, हे बाहेर सांगायचं नाही. संचालकांनाही नाही. शिवय्यांनी ते प्रीतीला केव्हा सांगितलं होतं, मला ठाऊक नाही. मला कधी सांगितलं नव्हतं. तिनं पान उघडलं. शिक्का होता.

आतल्या दारातून हंबीररावांच्या आई धोंडुबाई बाहेर आल्या. "हे पुस्तक व्हय? न्हेवा की बायांनो. शोकेस पुसता पुसता सुनंचं हात मोडाय लागल्यात. हंबीर, कुणाचं हाय ते?"

"वाचनालयाचं," हंबीरराव म्हणाले.

"मग इथं काय करतंय?"

आम्ही ग्रंथ घेतला आणि निघालो. त्या दिवसापासून आमच्याकडे संचालकांचीही नोंद होते. पुढे बाकी बरंच सुरळीत झालं. रुद्रेशची यादी पुरी झाली, प्रीतीनं मुलांसाठी जाळीबाहेर एक उघडं कपाट लावलं, आणि शिवय्यांनी ते कुरकुरत का होईना, ठेवलं. त्या दोघांच्या जोरावर पुढच्या वर्षी वर्गानं न विचारताच विद्यार्थी पाठवले.

पण प्रमाणपत्राचा प्रश्न राहिला होता. हंबीरराव सही करायला आलेच नाहीत. तब्येत, लग्न, पाहुणे. वर्गाच्या नियमात ग्रंथपालाची सही पुरते, हे मी वाचून काढलं. शिवय्यांनी आजवर अध्यक्षांना विचारल्याशिवाय रद्दीची पावतीही फाडली नव्हती. त्यांनी पेन घेतलं, बराच वेळ कागद वाचला, उलटून मागची बाजूही पाहिली आणि सही केली.

प्रमाणपत्र घ्यायला प्रीतीबरोबर तिचे वडील आले. फाउंड्रीतली पाळी संपवून सरळ आलेले, हातावर साच्याच्या वाळूची काजळी. "बापाला बोलवा" हा निरोप उचगावात कुणीतरी आधीच पोचवला होता, त्यामुळे ते भांडायच्या तयारीनं आले होते.

शिवय्या उठून उभे राहिले. "पावणं, तुमची पोरगी चोर न्हाय. मी रोज तपासलंय."

"तुमाला तपासायला कुणी सांगितलंतं?"

शिवय्यांनी प्रीतीकडे पाहिलं.

"बाबा, ते सगळ्यांचंच तपासत्यात," प्रीती म्हणाली.

"अध्यक्षाचं?"

"त्यांचं घर तपासलं. मी होते."

वडील तिच्याकडे बघत राहिले, मग शिवय्यांकडे. राग गेला असं मी म्हणणार नाही. पण आवाज खाली आला. कागद हातात घेऊन त्यांनी तो सावकाश वाचला. "ह्याच्यावर अध्यक्षाची सही न्हाय."

"लागत नाही," मी म्हटलं. "नियम पाहिलाय मी."

"तुमी पाहिलाय, बाई. उद्या वारणेत कुणी न्हाय म्हणालं तर तुमी येणार हाय का तिथं?"

मी येईन म्हणाले. ते त्यांनी ऐकून घेतलं, इतकंच. कागद पोरीच्या हातात दिला आणि सांगितलं, "जा, वर्गात दावून ये. चालतंय म्हणून मास्तरांच्या तोंडून ऐक. मी हितं बसतो."

प्रीती गेली. ते काउंटरजवळच्या बाकावर बसले. चहा आला, तो त्यांनी घेतला नाही. शिवय्याही त्यांच्यासमोर बसून राहिले, दुसऱ्या वाचकाला पुस्तक द्यायलाही उठले नाहीत. कुणीच कुणावर विश्वास ठेवलेला नव्हता, आणि त्यात मला काही चूक दिसली नाही.

ती सायकल टेकवून धापा टाकत आत आली. "चालतंय म्हणाले. नोंदसुद्धा केली."

वडील उठले. थंड झालेला चहा उचलून एका घोटात प्याले आणि लेकीला घेऊन बाहेर पडले.