माझ्या नाकापायी

आमच्या कंपनीत पॅकिंगला मोबाईल आत नेता येत नाही. लॉकरात ठेवायचा, केसांवर टोपी चढवायची आणि आत जायचं. त्यामुळे त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीला अजून अवकाश असताना सुपरवायझर स्वतः माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले आणि “जरा बाहेर येता का?” म्हणाले, तेव्हा पुढचं त्यांना सांगावं लागलंच नाही. पंधरा दिवसांच्या रजेनंतरचा माझा तो पहिला दिवस होता. सकाळी चिंचणीच्या घरातून निघताना मी सासूबाईंच्या पोटावरची पिशवी रिकामी केली, पांघरूण नीट केलं आणि “संध्याकाळी येतेच आई,” म्हटलं. त्यांनी डोळे उघडले नाहीत, नुसता हात हलवला. जा, अशा अर्थाचा... दीड महिना झाला त्याला. मी गेले नसते तर काय बिघडलं असतं, हे मी रोज स्वतःला विचारते.

माझ्या सासूबाई हिराबाई. तीस वर्षं त्या बोईसरच्या बाजारात मासळी विकत होत्या. उजाडायच्या आत बंदरावर लिलावाला उभ्या राहायच्या, टेम्पोत पाट्या चढवायच्या आणि आठाच्या ठोक्याला बाजारात हजर. गिऱ्हाइकाने बोंबील उलटापालटा करून पाहिला की म्हणायच्या, “लगीन लावायचंय का त्याच्यासंगती? घे नायतर ठेव!” अशा बाईच्या घरात मी सून म्हणून आले ती सिन्नरकडच्या माळकरी घरातून. प्रकाशची आणि माझी ओळख कंपनीतली. लग्न होऊन घरी आले त्याच दुपारी त्या बाजारातून आल्या आणि पाटी उतरवून तशाच हातांनी माझ्यापुढे चहाचा कप धरला. माझा हात पुढे जायच्या आधी पदर नाकाला गेला. मी मुद्दाम केलं नव्हतं हो, पण झालं ते झालं. त्यांनी कप खाली ठेवला, मोरीवर गेल्या आणि अर्धं लिंबू घेऊन हात कोपरापर्यंत चोळत बसल्या. त्या दिवसापासून हाताला लिंबू चोळल्याशिवाय त्यांनी माझ्या कशालाच हात लावला नाही. पुढे माझ्या मुलीला मांडीवर घ्यायच्या आधीसुद्धा. मी मात्र चौदा वर्षं समजत राहिले की मासळीवाल्या बायकांची ही सवयच असते.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या आतड्यात गाठ निघाली. मुंबईला ऑपरेशन झालं आणि लहान आतड्याचं टोक पोटाच्या उजव्या बाजूला बाहेर काढून ठेवलं. त्याला स्टोमा म्हणतात. विष्ठा तिथून येते, तिच्यावर ताबा नसतो, म्हणून त्यावर चिकटणारी पिशवी लावायची. तिथल्या सिस्टरने मला सगळं शिकवलं. मापाचा कागद ठेवून स्टोमा मोजायचा, तेवढंच भोक पिशवीच्या चकतीला कापायचं. कातडी साध्या कोमट पाण्याने पुसायची, टिपून कोरडी करायची, मग पिशवी चिकटवायची. एक पिशवी तीन-चार दिवस जायला हवी. आई कंपनीजवळच्या आमच्या सालवडच्या खोलीवर राहायला आल्या. पहिल्या दिवशी त्यांनी मान वाकवून तो लालबुंद गोळा पाहिला आणि म्हणाल्या, “म्हातारपनी आनिक एक पोर झालं म्हनायचं. रातंदिस शी करतंय.” आम्ही दोघीही हसलो. पण मी पिशवी बदलायला बसले की त्या तोंड भिंतीकडे फिरवायच्या आणि दर मिनिटाला विचारायच्या, “झालं?”

पंधराएक दिवसांनी स्टोमाभोवतीची कातडी लाल व्हायला लागली. मग सोलवटली, ओलसर झाली. ओल्या कातडीवर पिशवी चिकटेना. कडेने गळायची, गळलेलं कातडीला लागायचं आणि आग आणखी वाढायची. खरं तर त्या लाल गोळ्याला हात लागला तरी दुखत नाही, दुखते ती भोवतीची कातडी. आई ओठ दाबून बसायच्या. त्यांचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. बाजारातल्या चांगुणाबाईंशेजारच्या आपल्या जागेवर परत बसायचं. “माजी जागा चांगुणा किती दिस राखंल?” एवढंच त्यांचं पालुपद. पण दोन तासांत गळणारी पिशवी घेऊन बाजारात कोण बसणार? मला वाटलं, मीच भोक मोठं कापतेय. पुन्हा पुन्हा मापलं. सिस्टरला व्हिडिओ कॉल केला. तिने विचारलं, “काही लावता का तिथे? तेल, साबण, डेटॉल?” मी म्हटलं नाही. आईंकडे पाहिलं, त्या म्हणाल्या, “काय नाय लावत.” पिशव्यांचा डबा मात्र भराभर संपत होता. माझा स्वभाव तापट. मी त्यांनाच बोलले, “तुम्ही खाजवत असणार आई. जरा ऐकत जा कुणाचं!”

मग एके दुपारी कंपनीत लाइट गेली आणि आम्हाला लवकर सोडलं. घरी आले तर बाथरूमचं दार अर्धवट लोटलेलं. आत आई स्टुलावर बसलेल्या, पिशवी काढलेली. एका हाताने नळाचा पाइप घट्ट धरलेला आणि दुसऱ्या हातात अर्धं लिंबू. त्या ते स्टोमाभोवतीच्या उघड्या, सोललेल्या कातडीवर फिरवत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तोंडातून हूं की चूं नाही. मी किंचाळलेच. लिंबू हिसकावून घेतलं. “काय करताय आई? वेड लागलंय का?”

“वास जातो लिंबानं,” त्या म्हणाल्या.

“कसला वास? मला नाही येत वास!”

“येतो गं. तू तोंडानं नाय बोलत, पन मना कळतं. मासळीचा वास नाय सहन झाला तुला, ह्यो कसा व्हनार? तू ड्यूटीवरनं दमून येते आनि माजं हे करते... म्हनून तू यायच्या आगुदर मी धुऊन घेते. नवी पिशवी लावून ठेवते.”

रोज... रोज दुपारी त्या हे करत होत्या. धडधाकट बोटाला कापलं तर आपण त्यावर लिंबू पडू देत नाही. मी खाली फरशीवर बसले आणि रडले. माफी मागायला हवी होती. ती न मागता मी त्यांच्यावरच ओरडत राहिले. लिंबाला पुन्हा हात लावलात तर बघा, सिस्टरला सांगेन, प्रकाशला सांगेन... कसली माणसं आम्ही, प्रेम करायचं तेसुद्धा भांडण केल्यासारखं.

सिस्टर मला रागावली, आणि ते बरोबरच होतं. तिने सांगितलं त्याप्रमाणे पुढे सगळं मीच केलं. एका हाताने कातडी दाबून धरायची आणि दुसऱ्या हाताने पिशवी वरून खाली सावकाश सोडवायची, ओढायची नाही. कोमट पाण्याखेरीज काही नाही. मऊ सुती कापडाने नुसतं टिपायचं. ओल्या जागेवर तिने दिलेली पावडर भुरभुरायची आणि जास्तीची झटकून टाकायची. स्टोमा महिनाभरात आकसतो, म्हणून माप नव्याने घ्यायचं. ते घेतल्यावर भोकही मोठं पडत होतं हे कळलं, म्हणजे थोडी चूक माझीही होती. दहा-बारा दिवसांत कातडी सुकली, मग गुलाबी झाली, मग पोटाच्या बाकीच्या रंगात मिसळायला लागली. चौथ्या दिवशीही पिशवी जागची हलली नव्हती. आईंनी वरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “आता मना बाजारात ने.”

नेलं. सुट्टी टाकून मी स्वतः रिक्षाने घेऊन गेले. चांगुणाबाईंनी जागा राखलीच होती. आईंनी पाटावर बसून मांदेलीचे वाटे लावले आणि तासाभरात गिऱ्हाइकांशी भांडायलाही लागल्या. मी शेजारी उलट्या क्रेटवर बसले होते. चौदा वर्षांत पहिल्यांदा. खरं सांगते, वासाने डोकं दुखत होतं, पण पदर नाकाकडे जाऊ दिला नाही. त्यांनी दोनदा सांगितलं, “जा घरी, कशाला उगाच.” मी दुपारपर्यंत हलले नाही. मला वाटत होतं, आता तरी यांना पटेल. घरी आलो. मी चहा ठेवला आणि वळून पाहिलं तर आई मोरीवर लिंबाने हात चोळत बसल्या होत्या.

असं बाजारात बसणं त्यांना आठ-दहा महिने मिळालं. मग गाठ यकृतात पसरली आणि त्या चिंचणीला, आपल्या घरी गेल्या. शेवटचे पंधरा दिवस मी तिथे होते. त्या “झालं?” एवढंच विचारायच्या. बोलणं थांबल्यावरही पिशवी बदलताना तोंड भिंतीकडे वळायचंच.

त्या दुपारी मी पोचले तेव्हा आळीतल्या बायका अंघोळ घालायच्या तयारीत होत्या. एक म्हातारी म्हणाली, “ती पिशवी आता कशाला? वढून टाक.” मी म्हटलं, ओढायची नाही. कोमट पाणी मागून घेतलं. कातडी दाबून धरली, वरून खाली सावकाश पिशवी सोडवली, टिपलं. भोवती एक लाल ठिपका नव्हता. इतकी नितळ कातडी मी त्या दोन वर्षांत पाहिली नव्हती. कुणाला तरी दाखवावी म्हणून मी मान वर केली, पण जिला दाखवायची ती बघत नव्हती. मी नवी पिशवी लावली. बायकांनी मला अडवलं नाही.

मागच्या रविवारी आम्ही दोघं चिंचणीला गेलो आणि त्यांची पत्र्याची पेटी उघडली. चार पातळं, दोन झंपर, एक शाल. प्रकाशने वरचं पातळ उचलून चेहऱ्याला लावलं. मग म्हणाला, “ल्हान होतो तेव्हा आय दारात यायच्या आधी तिचा वास यायचा. मी पळत जायचो.” आणि पातळ माझ्या हातात देत म्हणाला, “बघ गं. साबणाचाच वास येतोय नुसता.” त्याने मला बोल लावला नव्हता, तो फक्त सांगत होता. मी एकेक कपडा उलगडला. पातळांच्या घड्या, झंपरांच्या बाह्या, शालीची टोकं, सगळं नाकाशी धरून हुंगलं. माझ्यासाठी त्यांनी सगळं धुऊन टाकलं होतं. लेकालाही काही उरू दिलं नव्हतं.