डाव्या हाताची पिशवी

मुलांच्या अंगाला हात लावण्याआधी फिजिओथेरपीच्या मॅडम आपले तळवे एकमेकांवर चोळून गरम करायच्या आणि मुलाच्या आवळलेल्या मुठीलाच विचारायच्या, "काय म्हणता, येऊ का?" पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाई जरा सटकलेल्या आहेत.

कशाचीच घाई नसलेली अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये, जीन्सच्या कारखान्यांच्या गल्लीत त्यांची व्यायामाची खोली होती. माझ्या पाच वर्षांच्या पिंकीला सेरेब्रल पाल्सी. उजवा हात कोपरात दुमडलेला, मूठ घट्ट. मी बोटं ओढून उघडायला जायचे. "आई, कुलूप आहे का ते?" म्हणत मॅडम खांद्यापासून सुरुवात करायच्या, मग कोपर, मनगट, शेवटी अंगठा. मूठ सैल पडायची आणि पिंकी खुदकन हसायची. पण त्यांचा हात निघाला की पुन्हा आवळायची.

मग त्यांनी जीन्सच्या तुकड्याची पिशवी शिवून दिली. जेवताना ती पिंकीच्या चांगल्या, डाव्या हातावर चढवायची, म्हणजे उजव्याला काम करावंच लागेल. घरी पोर रडली, भात सांडला, माझा जीव तुटला. मी आठवडाभर सरळ भरवलं आणि मॅडमना बिनधास्त सांगितलं, "सगळं करते."

त्यांनी पिंकीचा उजवा हात उजेडात धरला. "वरणभात कालवला की नखं पिवळी होतात, आई. ही तर कोरी आहेत." मग माझी बोटं पाहिली. ती पिवळीधमक. मी एरवी भांडखोर बाई, पण तेव्हा फार लाज वाटली. त्या एवढंच म्हणाल्या, "तिचा एक हात बांधायचा, तसे तुमचे दोन्ही पदराखाली ठेवा."

पोरीपेक्षा मलाच ते जड गेलं. कित्येक महिने निम्मा भात फरशीवर. मध्येच मॅडमनी खोली बंद केली. बदलापूरच्या पुढच्या वाड्यांमधल्या आयांना मुलं घेऊन इथवर येणं जमत नाही, म्हणून त्याच तिकडे राहायला गेल्या. मूठ अजून आपणहून उघडत नव्हती. त्या निघाल्या त्या दिवशी मी त्यांच्या गळ्यात पडून रडले.

परवा दुपारी न राहवून मी घास पुढे केला. पिंकीनं उजव्या हाताची बोटं पसरली आणि माझं मनगट बाजूला ढकललं. "मी," म्हणाली, आणि त्याच हातानं भात उचलला.

मी मॅडमना फोन लावला. घडलं ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आता तिच्या शेजारी तुमचं ताट वाढा."

पाच वर्षांत पहिल्यांदा मी माझ्या मुलीबरोबर जेवले.