सव्वीस दिवसांची रजा

ही ट्रिप माझी कल्पना नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. ऑकलंडमधल्या आमच्या चार मराठी कुटुंबांच्या ग्रुपने ठरवली. शनिवारी रोटोरुआजवळच्या एका मराएवर मुक्काम, रविवारी सकाळी तिथल्याच लोकांबरोबर तळ्यावर कयाकिंग, दुपारचं जेवण आणि परत. मराए म्हणजे माओरी लोकांच्या एकेका कुळाचं जमायचं ठिकाण. पुढे मोकळं अंगण, मागे कोरीव खांबांचं मोठं सभागृह, बाजूला जेवणघर. सतरा वर्षं या देशात काढून मी कधी मराएवर पाय ठेवला नव्हता, आणि खरं सांगायचं तर ठेवायची इच्छाही नव्हती. शनिवारी मला लॉन कापायचं होतं.

ग्रुपच्या म्होरक्याने सगळ्यांना एक यादी पाठवली होती. टॉग्ज म्हणजे पोहायचे कपडे, जँडल्स म्हणजे रबरी चपला, उशीचा अभ्रा, रेनकोट. मी वरच्या चार ओळी वाचल्या आणि फोन बंद केला. ऑकलंडबाहेर बॉम्बे हिल्सपाशी ट्रॅफिक तुंबला. बायको म्हणाली, "बॉम्बे नाव ठेवल्यावर तुंबणारच." सतरा वर्षं ती इथे हाच विनोद करते. पाऊस लागला होता, एक वायपर घासत होता, आणि मागे बसलेल्या मुलीच्या कानांत हेडफोन. माझं डोकं तापलेलं होतं.

मराएच्या फाटकापाशी सगळे गोळा झाले. तिथली रीत अशी की पाहुण्यांनी आपणहून आत जायचं नाही. आतून एक बाई लांब सुरात हाक घालते, मग बायका पुढे, पुरुष मागे, हळूहळू चालायचं. अंगणात मध्येच थांबायचं आणि आपल्या गेलेल्या माणसांची आठवण काढायची, कारण ती माणसंही तुमच्याबरोबर आलेली असतात. हे म्होरक्या समजावून सांगत होता तेवढ्यात माझ्या मुलीने बॅगेतून फ्रेम काढली. माझ्या वडिलांचा फोटो. आमच्या घरी हॉलमध्ये असतो तो.

"हे काय?" मी विचारलं.

"आजोबा."

"कुणी सांगितलं होतं आणायला?"

"लिस्टवर होतं, बाबा. घरच्या गेलेल्यांचा फोटो आणायचा असेल तर आणा. तुम्ही काहीच वाचत नाही." हे सगळं इंग्रजीत. 'लिस्ट' आणि 'बाबा' एवढेच शब्द दोन्ही भाषांतले.

"गाडीत ठेव."

"का?"

 'का'चं उत्तर मी सहा वर्षं तोंडाने कुणालाच दिलं नव्हतं. तेवढ्यात आतून हाक आली. मुलगी फ्रेम छातीशी धरून बायकांच्या रांगेत पुढे चालू लागली आणि मी मागून, ओल्या गवतातून, तिच्या पाठीकडे बघत. अंगणाच्या मध्यावर सगळे थांबले. इतरांनी कुणाकुणाची आठवण काढली मला ठाऊक नाही. मी बूट किती भिजलेत ते बघत होतो.

आत गेल्यावर भाषणं झाली, गाणी झाली, मग ओळीने उभ्या असलेल्या यजमानांच्या नाकाला नाक, कपाळाला कपाळ लावून झालं. सभागृहाच्या भिंतीवर त्यांच्या पूर्वजांचे फोटो, खाली रांगेने गाद्या. चपला बाहेर. बायको मुलीला म्हणाली, "देवळासारखंच की गं सगळं." आणि त्या भरात तिने ते केलं. फोटो भिंतीपाशी टेकवून ठेवलेला होता. तिने पिशवीतून स्टीलची डबी काढली, झाकण उघडलं आणि दोन बेसनलाडू फोटोपुढे ठेवले. वडिलांना आवडायचे. आमच्याकडे फोटोपुढे काही गोड ठेवताना कुणी विचार करत नाही, हात आपोआप जातो.

तिथली एक बाई लगबगीने आली. रागावली नाही, पण डबी झटकन उचलली. गेलेल्यांच्या जवळ अन्न आणायचं नाही. इथे ते आहेत, अन्न तिकडे जेवणघरात. दोन्ही एकत्र येऊ द्यायचं नाही. बायकोचा चेहरा उतरला. आणि मी, ज्याने यादीसुद्धा पुरती वाचली नव्हती, सगळ्यांदेखत तिच्यावर ओरडलो. "अक्कल आहे का? प्रत्येक ठिकाणी आपलं नैवेद्याचं ताट घेऊन जायचं!"

आमचा म्होरक्या पुटपुटला, "अरे, जाऊ दे ना. तुझ्या आवाजाने छप्पर उडेल."

आवाज ऐकून तिथले एक वृद्ध काठी टेकत आले. मघाशी यजमानांच्या वतीने तेच बोलले होते. त्यांनी डबीत डोकावून पाहिलं आणि इंग्रजीत माझ्या मुलीला विचारलं, "भूक लागली होती का त्यांना?" सगळे हसले. मग त्यांनी फोटोकडे बोट केलं. "कोण हे?"

आणि तिने सांगितलं. हे माझे आजोबा. ते भारतात आजारी होते आणि कोविडमुळे इथल्या सीमा बंद झाल्या. माझ्या बाबांना जाता आलं नाही. त्यांनी अंत्यविधी फोनवर पाहिला, गॅरेजमध्ये, एकट्याने. आम्हाला आत येऊ दिलं नाही.

गोष्ट तिला पाठ होती. शाळेत तिने यावर निबंध लिहिला होता. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

म्हाताऱ्याचे डोळे भरले. त्या काळात त्यांची बहीण दुसऱ्या गावात वारली होती. तिला मराएवर आणून तीन दिवस तिच्याशेजारी बसून रडायचं, हा त्यांचा रिवाज. ते काहीच करता आलं नाही. पुरायला फक्त मोजकी माणसं. त्यांनी काठी मुलीच्या हातात दिली, दोन्ही हातांनी माझं डोकं धरलं आणि कपाळाला कपाळ लावून रडले. बराच वेळ. मला त्यांच्या श्वासाला येणारा चहाचा वास आठवतो. आपल्या नसलेल्या वस्तूवर कुणी प्रेमाने आपलं नाव घालून द्यावं आणि आपण ती मुकाट्याने घ्यावी, तसं मी ते रडणं घेतलं. बायको माझ्याकडे बघत नव्हती. तिला सगळं माहीत होतं.

संध्याकाळी गाद्यांवर चादरी घालताना बायको हळूच म्हणाली, "मला ओरडलास ते सोड. पण तिला उद्या सांग. नाहीतर मी सांगणार."

"काय सांगू?"

"तुला बरोबर माहितीये काय ते."

आता ते लिहितो. त्या वर्षी जानेवारीत वडिलांना पक्षाघाताचा झटका आला. ते पुण्याला माझ्या थोरल्या बहिणीकडे असायचे. ताई रोज फोन करायची. "ये रे. विचारतात रोज. मला एकटीला उचलवत नाही त्यांना." मी म्हणायचो, रजा नाही, प्रोजेक्ट चालू आहे, मार्चअखेर नक्की. माझ्या नावावर सव्वीस दिवसांची रजा शिल्लक होती. बॉस स्वतः म्हणाला होता, जा. मी गेलो नाही, कारण मला भीती वाटत होती. त्या खोलीची, नळ्यांची, वडिलांना स्वच्छ करायला लागेल त्याची. आणि ते वाकड्या तोंडाने विचारतील की आता कायमचा कधी येणार, याची. मार्चमध्ये सीमा बंद होणार अशी बातमी आली. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये होतो. मला हायसं वाटलं. हे वाक्य लिहायला मला सहा वर्षं लागली. हायसं वाटलं. वडील त्यानंतर महिन्याभराने गेले आणि सगळ्यांनी माझं सांत्वन केलं. ताईनेही केलं. "तू तरी काय करणार," म्हणाली.

रविवारी ऊन होतं, पण वारा सुटला होता. कयाक दोन-दोन माणसांची. तिथल्या गाईड मुलीने बायकोला म्होरक्याच्या बायकोबरोबर बसवलं आणि मला माझ्या मुलीबरोबर. पुढे ती, मागे मी. मागच्याने पायाखालच्या पट्ट्यांनी दिशा सांभाळायची. माझा उजवा पाय सारखा सटकत होता, लाइफ जॅकेट पोटावर काचत होतं, आणि कयाक हट्टाने डावीकडे, लव्हाळ्यात घुसत होती. बाकी सगळे पुढे गेले.

"बाबा, उजवा पाय! उजवा!"

"दाबतोय ना!"

"मग आपण डावीकडे का चाललोय?"

"तू वल्हं नीट मार आधी."

"मीच एकटी मारतेय! तुम्ही नुसते ओरडताय. कालपासून तेच चाललंय."

लांबून गाईडने हात हलवून ठीक आहात का विचारलं. मी अंगठा दाखवला. समोर मुलीची पाठ, तिची भिजलेली वेणी. चेहरा दिसत नव्हता, म्हणूनच बोलू शकलो असणार. म्हटलं, "काल तू आजोबांचं जे सांगितलंस ना, ते तसं नाहीये."

"म्हणजे?"

"सीमा बंद व्हायच्या आधी मला सात-आठ आठवडे मिळाले होते. रजाही होती. आत्या बोलावत होती. मी गेलो नाही."

तिचं वल्हं थांबलं. "का?"

"घाबरलो."

वाऱ्याने कयाक आडवी झाली. पाणी बाजूला थपथप आपटत होतं. ती हिशेब लावत होती, ते मला तिच्या मानेवरून कळत होतं. मग तिने विचारलं, "आपण कॅम्पिंगला गेलो होतो तेव्हा? फेब्रुवारीत, वाइटांगी डेच्या सुट्टीत? मी पहिला मासा पकडला होता तेव्हा?"

"हो. तेव्हा आजोबा हॉस्पिटलमध्ये होते."

तंबूबाहेर आत्याचा फोन वाजला होता आणि मी तो सायलेंटवर टाकला होता, हेही सांगितलं. एकदा तोंड उघडल्यावर कुठे थांबायचं ते मला समजेना.

ती लहानपणीची तिची सगळ्यात आवडती ट्रिप. त्या माशाचा फोटो अजून तिच्या खोलीत आहे. किंवा होता.

"मी निबंध लिहिला," ती म्हणाली. "टीचर रडली होती." मग एकदम जोरात, इंग्रजीत, "तुम्ही मला खोटं बोलायला लावलंत!"

लव्हाळ्यात कयाक अडकली ती अडकलीच. मी वल्ह्याने चिखलात रेटा दिला तर वल्हंच रुतून बसलं. शेवटी गाईड आली आणि दोरीने आम्हाला ओढत काठापर्यंत घेऊन गेली. काठावर ग्रुपने टाळ्या वाजवल्या. मुलगी उतरली आणि मागे न बघता निघून गेली.

जेवणानंतर पाहुण्यांनी भांडी पुसायची पद्धत होती. ते वृद्ध जेवणघरात एका खुर्चीवर चहा पीत बसले होते. मी फडकं घेऊन त्यांच्यापाशी गेलो आणि सगळं सांगून टाकलं. काल तुम्ही माझ्यासाठी रडलात, मी त्या लायकीचा नव्हतो, वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं. मग कप खाली ठेवला.

"मी तुझ्यासाठी रडलो असं वाटलं तुला?" ते म्हणाले. "मी माझ्या बहिणीसाठी रडलो." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तुझ्या बापाला शेवटपर्यंत कोणी सांभाळलं?"

"बहिणीने."

"तिला माहीत आहे?"

मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी माझ्या हातातल्या फडक्याकडे बोट दाखवलं. "ते ओलं झालंय. दुसरं घे."

परत निघताना मुलगी ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली. तिचं लर्नर लायसन्स आहे, त्यामुळे बाजूला आई. मला म्हणाली, "तुम्ही मागे बसा." रोटोरुआ मागे पडलं. मग एकेक प्रश्न आला, नजर रस्त्यावर ठेवून. किती दिवस रजा होती? सव्वीस. आईला माहीत होतं? हो. आत्याला?

"नाही."

"तिला अजून वाटतं की बॉर्डरमुळे?"

"हो."

तिने सिग्नल दिला आणि रस्त्याकडेच्या थांब्यावर गाडी नीट उभी केली. शिकवल्यासारखा हँडब्रेक ओढला. "लावा फोन."

"अगं, आत्ता तिकडे सकाळ आहे, तिची पूजा चालू..."

"बाबा."

बायको म्हणाली, "लाव."

फोन गाडीच्या स्पीकरवर लागला. "काय रे," ताई म्हणाली, "आज रविवारी सकाळी बरी आठवण झाली! सगळे ठीक ना?"

मी सांगितलं. मुलीला सांगितलं तेच, त्याहून वाईट शब्दांत. 'हायसं वाटलं' हेसुद्धा. पलीकडे मिक्सर चालू होता, तो बंद झाला. फोन कटला असं वाटून मी दोनदा 'हॅलो' म्हटलं.

"ऐकतेय," ती म्हणाली. "सव्वीस दिवस." मग, "त्यांना मी सांगायचे, तिकीट काढलंय त्याने. रोज सांगायचे. दाढी करून घ्यायचे ते."

 हे मला ठाऊक नव्हतं.

मुलगी स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होती. आत्याशी ती नेहमी मराठीतच बोलते, तिची ती अडखळती मराठी. "आत्या, मी आहे. मी येऊ तुझ्याकडे? डिसेंबरमध्ये? शाळा संपते."

"तू ये गं, बाळा," ताईचा आवाज लगेच बदलला. "कधीही ये. आजोबांची खोली रिकामीच आहे."

"एकटी येऊ?"

"एकटी ये."

मग ताईने फोन ठेवला. माझ्याशी पुढे एक शब्दही बोलली नाही. मुलीने हँडब्रेक सोडला, आरशात मागे पाहिलं, आधी माझ्याकडे, मग रस्त्याकडे, आणि गाडी रस्त्यावर घेतली.